खुर्ची आणि उंबरठा

आमदाराला फेसबुकवर ‘निकामी’ म्हणणं, त्याला गाढवावर बसवलेलं मीम फिरवणं आणि ‘तुझी मुलगी कुठल्या शाळेत जाते, माहीत आहे’ असं त्याला लिहिणं, या तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे: ट्रोलिंग. हा शब्द दोघांच्याही सोयीचा आहे. नेत्याला मीमची तक्रार धमकीच्या पंक्तीत बसवता येते आणि धमकी देणाऱ्याला ‘अहो, गंमत केली’ म्हणत मीमच्या आड लपता येतं.

लोकप्रतिनिधी आणि पोलिसांना ऑनलाइन छळापासून संरक्षण असावं का? मला वाटतं, असावं. पण नेमकं कशापासून, हे न ठरवता दिलेलं संरक्षण कुठे जाऊन आदळतं, ते महाराष्ट्राने पाहिलेलं आहे.

17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. हा बंद कशासाठी, असा प्रश्न पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर विचारला. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. ज्या कलमांचा वापर झाला, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ होतं. कुणाला त्रास व्हावा म्हणून खोटं लिहिलं किंवा मजकूर फार आक्षेपार्ह असला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह कुणाला आणि किती, हे ठरवणार ठाण्यातला अधिकारी. ज्यांच्या निधनानंतर हे घडलं ते स्वतः व्यंगचित्रकार होते. 1960 मध्ये ‘मार्मिक’ काढून त्यांनी बड्या बड्या नेत्यांना कुंचल्याने फटकारलं होतं.

त्या दिवशी नेत्यांच्या मानाला धक्का लागला असेलही. पण भीती दोन मुलींना वाटली आणि काचा एका डॉक्टरच्या फुटल्या. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द केलं. तरीही ते लावलं जात राहिलं. शेवटी 2022 मध्ये, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका, असं न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सोडून द्या. ज्याला शिव्या सोसत नाहीत त्याने राजकारणात येऊ नये. हे वाक्य ऐकायला रांगडं आणि छान वाटतं. पण त्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने 95 महिला नेत्यांना उद्देशून केलेल्या ट्वीट्सचा अभ्यास केला. साधारण दर सातातलं एक ट्वीट अपमानास्पद किंवा आक्षेपार्ह निघालं. मुस्लिम महिला नेत्यांच्या वाट्याला धर्मावरून येणारी शिवीगाळ जास्त होती. ही रस्त्यांवरची, बजेटवरची टीका नव्हती. ते बाई असण्यावर होतं, धर्मावर होतं.

दिल्लीच्या नेत्यांना निदान अंगरक्षक असतात. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. समजा, त्यातल्या एखाद्या सरपंच बाईचा एडिट केलेला फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. ग्रुपमध्ये तिचा दीर आहे, मुलाचे शिक्षक आहेत, ज्याचं अतिक्रमण तिने काढलं तोही आहे. तिच्याकडे पीए नाही, सोशल मीडिया टीम नाही. पुढच्या वेळी ती उभी राहील का, हे बरंचसं त्या रात्री ठरतं. आरक्षण तिला खुर्चीपर्यंत आणतं. खुर्चीत टिकायला त्याच्या पलीकडचं काही लागतं.

म्हणून मी एक साधी रेघ ओढतो. खुर्चीवर बसून केलेल्या कामाबद्दल काहीही बोला: तिखट, कुचकट, अन्यायकारकसुद्धा. उंबरठ्याच्या आत मात्र नाही. शरीर, जात, मुलंबाळं, घर जाळण्याची भाषा, यांचा खुर्चीशी संबंध नसतो.

पोलिसांच्या बाबतीत ही रेघ जास्त कठीण वाटते, पण तिथेही ती चालते. डी. के. बसू खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. म्हणजे त्याचं नाव गुपित नाहीच. बंदोबस्तावर त्याने निष्कारण लाठी चालवली, तर व्हिडिओ काढणं, तो नावासकट फिरवणं हा नागरिकाचा हक्क आहे. पण त्याच व्हिडिओखाली पोलीस लाइनमधला त्याचा खोली नंबर आणि बायकोचा फोटो टाकून ‘बघा रे याच्याकडे’ लिहिणारा माणूस जाब विचारत नसतो, जमाव बोलावत असतो.

यासाठी नवा खास कायदा नको. धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली गुन्हा आहेच. नाव लपवून दिलेल्या धमकीला दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा आहे. बाईचा ऑनलाइन पाठलाग कलम 78 मध्ये येतो. ही कलमं सगळ्यांसाठी आहेत आणि तेच बरं. पदावर असलेल्यांसाठी वेगळी ढाल बनवली, की मंत्र्याला बोचलेलं मीमही तिच्यावर आपटणार आणि तक्रारदार पोलीस असेल तर तपासणारेही पोलीसच असणार.

कमी आहे ती कलमांची नाही, क्रमाची. मंत्र्यावरच्या पोस्टसाठी पहाटे दार वाजवणारी यंत्रणा सरपंच बाईला ‘ताई, ब्लॉक करा ना’ सांगून घरी पाठवत असेल, तर ती माणसाचं नाही, खुर्चीच्या उंचीचं रक्षण करते. आधी तिची तक्रार लिहून घ्या. मंत्र्याचं मीम थांबू शकतं.