नगर कोसळल्यावर काय उरतं?

आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ८, खंड १ ते ३



आठव्या अध्यायाची सुरुवातच एका गावापासून होते बघा. ऋषींनी देहाला ब्रह्मपूर म्हटलंय, म्हणजे ब्रह्माचं नगर. त्या नगरात कमळासारखं एक छोटं घर, घरात इवलंसं आकाश, आणि त्या आकाशात जे आहे ते शोधायचं. हीच दहरविद्या. दहर म्हणजे लहान. पण शिष्यही काही भोळे नाहीत. ते सरळ विचारतात : सगळं याच नगरात साठवलेलं असेल, तर म्हातारपण आलं, नगर ढासळलं, की मागं काय राहतं?

हाच प्रश्न मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चहाच्या टपरीवर ऐकला. आमच्याकडं टॉवेल-चादरींचे कारखाने. त्यातल्या एका शेडमध्ये तीस वर्षं माग चालवलेले एक मामा आहेत. घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. कारखाना बंद पडला आणि माग भंगारात किलोवर गेले. मामा म्हणाले, "सर, मशिनी गेल्या, नंतर पत्रे पण काढून नेले की. आता तिथं नुसतं गवत. तीस वर्षं मी केलं ते गेलं कुठं, सांगा की."

अशा वेळी श्लोक म्हणून दाखवू नये. मी म्हटलं, रविवारी चला, किल्ल्यात जाऊ.

सोलापूरचा भुईकोट किल्ला बहमनी काळातला. १८१८ च्या मे महिन्यात मनरोच्या फौजेनं वेढा घालून तो पेशव्यांच्या हातून घेतला, एवढं आपण शाळेत वाचलेलं असतं. पण किल्ल्याच्या आत त्याहूनही जुनं काही आहे. श्री कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं देऊळ कित्येक शतकं मातीखाली होतं. खणल्यावर त्याचे अवशेष उघडे झाले. आज आपण काठावर उभं राहून खाली बघतो : दगडी जोती, कोरीव खांब, वर आभाळ. पलीकडं रिक्षांचे हॉर्न.

हे देऊळ सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेलं आहे. बाराव्या शतकात सोलापूर म्हणजे सोन्नलगी. लहानपणी गुरं राखताना त्यांना मल्लय्या भेटला, दहीभात मागितला. पोरगा घरी पळत जाऊन दहीभात घेऊन आला तर मल्लय्या गायब! त्याला शोधत ते श्रीशैलपर्यंत गेले, आणि परत येऊन त्याच मल्लिकार्जुनाची इथं स्थापना केली, ६८ लिंगं बसवली, तळं खोदलं. संक्रांतीच्या गड्ड्याला तैलाभिषेकासाठी नंदीध्वज त्याच ६८ लिंगांना फिरतात. काही लिंगं तर अशा जागी आहेत की शेजारी दुकानाचं शटर आणि उभ्या केलेल्या मोटरसायकली. रोज हजारो माणसं पुढून जातात.

आता तिसऱ्या खंडातला दृष्टांत घ्या. शेताखाली सोनं पुरलेलं आहे, पण ज्याला जमिनीची जाण नाही तो वरून रोज येतो-जातो, आणि त्याला ते गवसत नाही. तसेच सारे जीव रोज गाढ झोपेत त्या ब्रह्मलोकात जातात आणि रिकाम्या हातानं परततात, कारण वर अनृताचं झाकण आहे. अनृत म्हणजे खोटं. मला यातला "रोज" हा शब्द फार लागतो. हिमालयात जायला नको. आपण त्यावरूनच चालतोय.

शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात एक प्रसंग येतो. तळ्याचं काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू सोन्नलगीत आले आणि मुद्दाम टोचून बोलले. सिद्धराम संतापले. तेव्हा अल्लमांनी त्यांना तो रागच दाखवला : बाहेर एवढं खणलंस, आत कुदळ मारलीस का? त्यानंतर सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंग दीक्षा घेतली. ज्यांनी एवढी बांधकामं केली त्यांनाच हा प्रश्न विचारला गेला, हे विशेष. आणि तळं मात्र बुजवलं नाही हो कुणी! आजही ते सोलापूरच्या मध्यावर आहे.

रोमला सॅन क्लेमेंते नावाचं एक चर्च आहे, तेही बाराव्या शतकातलं. त्याच्याखाली चौथ्या शतकातलं चर्च, त्याखाली रोमन वास्तू आणि मिथ्र देवाचं स्थान. थरावर थर. माणसं सगळीकडं सारखीच : बांधतात, गाडतात, वर पुन्हा बांधतात.

मग शिष्यांना उत्तर काय मिळालं? देहाच्या म्हातारपणानं ते म्हातारं होत नाही, याच्या वधानं ते मरत नाही. खरं ब्रह्मपूर तेच. उपनिषद नगर टिकेल असं म्हणत नाही, हे नीट बघा. पडझड ते मान्यच करतं.

मामांना मी हे वाचून दाखवलं नाही. ते बराच वेळ काठावर उभे होते. मग एका खांबाच्या नक्षीकडं बोट करून म्हणाले, "हात बसलेला माणूस होता बघा. घाई नाही केली त्यानं." थोड्या वेळानं : "मी पण कधी सूत तुटलेलं तसंच सोडलं नाही, सर. मालक बघो न बघो." मी म्हटलं, मामा, ते "बघो न बघो" होतं ना, ते भंगारात गेलं का? ते हसले नाहीत, पण मान हलवली.

त्यांची थकलेली देणी अजून मिळालेली नाहीत. सोमवारी आम्ही दोघं अर्ज घेऊन कामगार कार्यालयात गेलो. अविनाशी आत्मा एका बाजूला, हक्काचा पैसा दुसऱ्या बाजूला, आणि पहिला सांगून दुसरा बुडवणाऱ्यांचा मला राग येतो. तारीख पुढची मिळाली आहे.

उद्या खंड ४. तिथं आत्म्याला सेतू म्हटलंय, म्हणजे लोक एकमेकांत मिसळून विस्कटू नयेत म्हणून घातलेला बांध. सिद्धेश्वर तळ्याचा बांध डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

ॐ नमः शिवाय.