परीक्षा घेणं बंद करा

बसा. वह्या मिटा, पेनं खाली ठेवा. आज नवा धडा नाही. काल वृद्धाश्रमात तुमचं प्रात्यक्षिक झालं आणि मी ते दाराशी उभी राहून पाहिलं. जे पाहिलं, ते आज तुमच्या तोंडावर सांगणार आहे.

स्मृतिभ्रंशाची व्याख्या तुम्हाला तोंडपाठ आहे. अल्झायमर या डॉक्टरांनी १९०६ साली ट्युबिंगेनच्या परिषदेत काय मांडलं, हिप्पोकॅम्पस मेंदूत कुठे असतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. पण जिवंत माणूस समोर आला, तेव्हा त्यातलं एक अक्षर तुमच्या उपयोगी पडलं नाही. पेपरात मिळालेले गुण कालच्या सकाळी कोणाच्या कामी आले, सांगा मला.

खिडकीजवळच्या आजींसमोर तुम्ही तिघी बसलात आणि सरबत्ती सुरू केलीत. "आजी, आज वार कोणता? नातवाचं नाव काय? मी कोण, सांगा बघू? अहो, आठवा ना, मघाशीच सांगितलं." आजी आधी ओशाळं हसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. मग मान वळवून बाहेर बघत बसल्या. आणि तुम्ही नोंदवहीत काय लिहिलंत? 'रुग्ण सहकार्य करत नाही.' सहकार्य कोणी केलं नाही? त्यांनी की तुम्ही?

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला सुरुवातीलाच मार बसतो. म्हणून सकाळी कोण येऊन गेलं, मघाशी काय सांगितलं, हे मनात टिकतच नाही. जे साठलंच नाही, ते जोर लावून आठवणार कुठून? आजाराने जे नेमकं हिरावून घेतलं, तेच तुम्ही पुन्हा पुन्हा मागत होतात, तेही चारचौघांत. निदानासाठी डॉक्टर असे प्रश्न विचारतात, कारण त्यांना त्या उत्तरांवरून काही ठरवायचं असतं. तुम्हाला काय ठरवायचं होतं? काहीच नाही. तुम्हाला बोलायला दुसरं सुचत नव्हतं, एवढंच.

"मॅडम, मेंदूला व्यायाम म्हणून विचारलं," असं एकीने मला सांगितलं. व्यायाम कसा द्यायचा यावरही काम झालेलं आहे. लंडनमध्ये एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गटात घेण्याची एक पद्धत बसवली, २०१ जणांवर तपासली आणि २००३ साली निष्कर्ष छापले. स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत त्या गटाला फायदा दिसला, जगण्याच्या समाधानातही दिसला. त्या पद्धतीचं एक मुख्य सूत्र असं, की माहिती विचारू नका, मत विचारा. "तुमच्या लग्नाचं साल कोणतं?" हा प्रश्न माणसाला नापास करतो. "पूर्वीची लग्नं बरी का आत्ताची?" या प्रश्नाला चुकीचं उत्तरच नसतं. कालच्या त्याच आजींपुढे तिथल्या मावशींनी नंतर कापूस आणून ठेवला, आणि त्यांनी न बोलता वाती वळायला घेतल्या. एकसारख्या, पीळ न सुटणाऱ्या. हाताला जडलेलं कसब मेंदूच्या वेगळ्या भागांच्या आधाराने चालतं आणि पुष्कळ काळ टिकतं. मावशी त्यांच्या शेजारी बसून "वात लांब बरी का फुलवात?" असं विचारत होत्या, आणि आजी बोलत होत्या. तुम्ही तेव्हा व्हरांड्यात मोबाइल बघत होतात. मावशींनी कुठला अभ्यासक्रम केलेला नाही. तुम्ही केलेला आहे.

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त लागली. एका आजींनी विचारलं, "हे अजून कसे आले नाहीत?" आणि तुमच्यातल्या एकाने ताडकन सांगितलं, "अहो आजी, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली." त्यांचा चेहरा पाहिलात का? त्यांच्यासाठी ती बातमी जुनी नव्हती. नवरा गेल्याचं त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत. खरं बोलायचं असतं म्हणून सांगितलं, म्हणे.

नीट ऐका. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर झालेल्या १७ जणांना आणि तशाच वयाच्या १७ निरोगी माणसांना त्यांनी आधी दुःखी आणि मग आनंदी चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांनी विचारलं, तर रुग्णांना पाहिलेलं जवळजवळ काही आठवत नव्हतं. पण त्या फितीने मनात उठवलेलं दुःख किंवा आनंद पुढे अर्ध्या तासापर्यंत टिकून होता. आणि ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख उलट जास्त वेळ रेंगाळलं. दुःखाचं कारण विसरलं जातं, दुखणं उरतं. नवरा गेल्याचं तुम्ही सांगितलेलं त्या आजी विसरल्या, पण दुपारी त्यांनी ताट ढकललं ते तुमच्याच वाक्यामुळे. त्याचा दोष तुम्ही आजारावर टाकलात.

मग खोटं सांगायचं का? तेही नको. "येतीलच इतक्यात" म्हटलंत, तर त्या दारात डोळे लावून बसतील. प्रश्नामागची ओढ ओळखा. "त्यांची आठवण येतेय का? त्यांना जेवायला काय आवडायचं?" असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. खोटं बोलावं लागत नाही आणि घावही बसत नाही.

तिसरी गोष्ट, तुमचा तो लाडिक सूर. "चला, आता आपण छान छान अंघोळ करायची ना? शहाणं बाळ!" समोरचे गृहस्थ तीस-पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत. त्यांनी तुमचा हात झटकला, तर तुम्ही म्हणालात, "आक्रमक आहेत." कॅन्सस विद्यापीठात नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टीन विल्यम्स यांनी २००९ साली नेमकं हेच तपासून दाखवलं. शुश्रूषागृहातल्या २० रुग्णांचं कपडे, अंघोळ वगैरे करतानाचं चित्रण त्यांच्या गटाने बारकाईने पाहिलं. कर्मचारी अशी बाळबोली बोलले, तेव्हा रुग्णाने विरोध करण्याची शक्यता ५५ टक्के होती. मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले, तेव्हा २६ टक्के. अगदी काही न बोलता काम केलं, तरी ३६ टक्के. म्हणजे तुमच्या त्या लाडापेक्षा मौन बरं. शब्द हरवले तरी आपल्याला कोणी मान देतंय की कमी लेखतंय, हे माणसाला पुष्कळ काळ कळतं. 'अहो' म्हणा, 'सर' म्हणा, हात लावण्याआधी विचारा.

चौथी गोष्ट. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या डोक्यावरून तुम्ही आपसात बोललात: "यांना काही कळत नाही", "या फारच अवघड आहेत". ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड यांनी १९९७ साली आपल्या पुस्तकात अशा वागण्याची यादीच दिली. तिथे नसल्यासारखं वागवणं, झेपणार नाही अशा वेगाने कामं उरकणं, शिक्का मारणं, धाक घालणं, टिंगल करणं. हे करणारी माणसं दुष्ट नसतात, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. ती चांगल्या मनाचीच असतात. म्हणून "आमचा हेतू वाईट नव्हता" ही सबब माझ्यापुढे आणू नका. हेतूने जखम भरत नाही.

आणि हळूऽऽ, ताणून, मोठ्याने बोलणं हा उपाय नव्हे. कॅनडात जेफ स्मॉल यांनी रुग्ण आणि त्यांचे जोडीदार घरातली कामं करताना कसे बोलतात ते अभ्यासलं, २००३ साली प्रसिद्ध केलं. उपयोगी पडलं ते वेगळंच: आजूबाजूचा गोंगाट बंद करणं, सोपी छोटी वाक्यं, आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न. शब्द ओढून बोलल्याने संवाद उलट जास्त तुटला. काल हॉलमध्ये टीव्ही जोरात चालू होता. कोणी बंद केला? कोणीच नाही. कोपऱ्यातल्या आजोबांचं कानाचं यंत्र डबीत पडलेलं होतं. कोणी विचारलं? त्या मालवणच्या आजी मालवणीत बोलत होत्या आणि तुम्ही हिंदी-इंग्रजी मिसळून त्यांना सूचना देत होतात. पुढे शिकलेल्या भाषा मागे पडून लहानपणीची भाषा उरते, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. मालवणी येणारी एक मुलगी तुमच्यात आहे. ती मागे उभी होती, लाजत.

वेळ नसतो, हे ऐकवू नका. दोन मिनिटं खाली बसून, डोळ्यांत बघून, नाव घेऊन बोललात तर अंघोळीच्या वेळची अर्ध्या तासाची ओढाताण वाचते.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बहुतेकांना आश्रम नाही, घरच आहे. आणि घरात थकलेली सून किंवा मुलगा आहे, ज्यांना कोणी काही शिकवलेलं नाही. उद्या तुम्ही त्या घरांत जाल. तुम्ही कसं बोलता ते बघून ती माणसं बोलायला शिकतील. तुमची चूक तुमच्यापुरती राहणार नाही, म्हणून मी आज इतकी चिडले आहे.

उद्या सकाळी पुन्हा तिथेच. वह्या आणायच्या नाहीत. प्रत्येकाने एकाच माणसाजवळ बसायचं. आधी टीव्ही बंद, कानाचं यंत्र आणि चष्मा जागेवर आहे का ते बघायचं, मग आपलं नाव सांगायचं. त्यांना त्यांची आठवण तपासणारा एकही प्रश्न विचारायचा नाही. कालचं नाव ते विसरले असतील तर पुन्हा सांगायचं, दहा वेळा विसरले तर दहा वेळा, पहिल्यांदा सांगताना असतो त्याच आवाजात. हे ज्याला जमवायचं नसेल, त्याने आजच कार्यालयात जाऊन नाव काढून घ्यावं. बाकीच्यांनी वेळेवर या.