दया चुकू शकते काय?

नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, अशी शिकवण नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात आहे. आजारी बैलाला औषध देणारा शेतकरी म्हणूनच आपणांस दयाळू वाटतो. पण त्याच दयेने दुसऱ्या जिवाचा घात झाला तर? हा प्रश्न कल्पनेतला नाही. आपल्या देशात असे घडले आहे, आणि तो दुसरा जीव म्हणजे गिधाड.

मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९९० नंतरच्या दशकात भरतपूर येथे डॉ. विभू प्रकाश यांना त्यांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे दिसले. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती. आमच्या गुजरात राज्याच्या गणनेत सर्व जातींची मिळून २००५ साली २,६४७ गिधाडे होती; २०१८ साली ८२० उरली.

कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून उघड झाले. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत असत. औषध दिल्यावर जनावर लवकरच मेले, तर ते मांसात राहते आणि मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. एका शवावर अनेक गिधाडे उतरतात, आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून शंभरांतील एखादे शव विषारी असले, तरी एवढा नाश होण्यास ते पुरते.

कोणी म्हणेल, गिधाड तर नियमशास्त्राने अशुद्ध ठरवलेले! खरे आहे, पण लेवीयच्या अकराव्या अध्यायातील तो नियम आपल्या ताटासाठी आहे, पक्ष्याच्या जिवाची किंमत ठरवण्यासाठी नव्हे. देवाने आपल्या लोकांना ज्या पंखांवर वाहून आणले असे निर्गमच्या एकोणिसाव्या अध्यायात म्हटले आहे, तेथे मूळ इब्री शब्द ‘नेशेर’ आहे. आपण त्याला गरुड म्हणतो. परंतु तो गिधाडाचा वाचक असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मीखाच्या पहिल्या अध्यायात नेशेराच्या टकलाचा उल्लेख आहे, आणि टक्कल गरुडाला नसते. शिवाय सडणारे मांस साफ करण्याचे काम ज्याला नेमून दिले, तो निर्माणकर्त्याच्या दृष्टीने टाकाऊ कसा असेल?

मग त्या शेतकऱ्याने पाप केले काय? लेवीयचा चौथा अध्याय येथे उपयोगी पडतो. नकळत झालेल्या दोषाबद्दल तेथे माणसाला झिडकारलेले नाही. पण दोष कळून आल्यावर त्याने अर्पण आणलेच पाहिजे. २००४ पूर्वी शेतकऱ्याला काहीच ठाऊक नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ साली त्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरची ठरवण्यात आली. २०२३ साली केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, म्हणजे बैलावर दया करण्याचा मार्ग बंद झालेला नाही. हे समजूनही जो स्वस्त व सोयीचे तेच वापरील, त्याने याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय वाचावा: चांगले करणे कळत असून न करणे, हेच पाप.

ही गोष्ट केवळ शेतकऱ्यांची नाही. बडोद्यात उत्तरायणाला आपली मुलेही गच्चीवर जातात. काचेची धार लावलेल्या मांज्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात, गिधाडांचेही. जानेवारी हा त्यांच्या विणीचा काळ; आई किंवा बाप पडला, तर घरट्यातील एकुलते पिल्लूही जगणे कठीण. कोणीही मुद्दाम पक्षी मारीत नाही. पण ‘मी मुद्दाम केले नाही’ हे उत्तर एकदाच चालते.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी जानेवारीपूर्वी हा धडा घ्यावा, अशी आमची विनंती आहे. दया म्हणजे नुसता मऊ स्वभाव नव्हे; आपल्या हातून निघालेली वस्तू पुढे कोणाच्या पोटात वा पंखांत जाते, हे विचारणे दयेचाच भाग आहे, हे मुलांना कळू द्या. प्रभू आपणां सर्वांना अशी डोळस दया देवो.