माहीत असलेला दोष

जुनी मोटार स्वस्त मिळते ती दोन कारणांनी. तिचे बरेचसे आयुष्य वापरून झालेले असते, आणि तिच्यात काही ना काही काम निघालेले असते. पहिली गोष्ट आरसी बुकावरच्या तारखेवरून कळते. दुसरी कळायला बॉनेट उघडावे लागते, गाडी रॅम्पवर चढवावी लागते आणि विकणारा कोणत्या प्रश्नाला गप्प बसतो तेही पाहावे लागते. नागपुरातल्या एखाद्या कुटुंबाने चौदा-पंधरा वर्षांची, दुरुस्तीला आलेली छोटी मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न सहसा हिशेबाचा समजला जातो: किंमत, दुरुस्ती, विमा आणि पेट्रोल एका बाजूला, रोजच्या ऑटोचे भाडे दुसऱ्या बाजूला. हिशेब करायलाच हवा. मात्र त्याच्या पोटात एक फार जुना धर्मप्रश्न आहे. सदोष वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा तिचा दोष कोणाच्या पदरी पडतो?

भारतीय धर्मशास्त्राने हा प्रश्न व्यवहाराचा एक स्वतंत्र विषय म्हणून हाताळला. घेतलेली वस्तू पसंत पडली नाही तर ती परत करता येते का आणि किती दिवसांत, याचे नियम मनू, नारद, याज्ञवल्क्य आणि कौटिल्य या चौघांकडेही आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत पारखून घेण्याच्या मुदती वस्तूगणिक वेगळ्या आहेत. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. या यादीत मोटारीला सर्वांत जवळचा तो ओढकामाचा बैल. बैल पाच दिवस जुंपला की तो मधेच बसतो का, एका पायावर भार टाळतो का, हे उघडे पडते. गाडी मात्र आजही वस्तीभोवती एक चक्कर मारून पसंत केली जाते. गार इंजिन पहाटे पहिल्या सेल्फला सुरू होते का, पारा ४५ अंशांवर गेलेल्या मे महिन्यात एसी चालू ठेवून सिग्नलला उभी राहिली तर कूलंट उकळते का, चढावर क्लच घसरतो का, हे त्या एका चकरेत कळत नाही. याज्ञवल्क्याच्या पाच दिवसांमागची अक्कल अजून कालबाह्य झालेली नाही.

त्या यादीत रत्ने आणि दुभती जनावरे यांच्याच पंगतीला दासी आणि दासही आहेत. त्यांच्या पारखीलाही मुदत दिलेली आहे. स्मृतींना प्रमाण मानून कोणी नीती सांगू लागला तर हे विसरून चालणार नाही, आणि ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला त्या शहरात तर मुळीच नाही. येथे स्मृती घ्यायच्या त्या आज्ञा म्हणून नव्हेत. सौद्याच्या पेचावर जुन्या माणसांनी कसा विचार केला याचे पुरावे म्हणून त्या वाचायच्या.

नारद याच विषयात एक अट घालतो. घेणाऱ्याने वस्तू आधी स्वतः पारखली आणि मग पसंत केली, तर ती परत करण्याचा हक्क त्याला उरत नाही. इस्लामी न्यायशास्त्रात ‘खियार-उल-ऐब’ म्हणून जो अधिकार आहे तोही असाच बेतलेला आहे. सौद्याच्या आधीपासून असलेला आणि घेणाऱ्याला ठाऊक नसलेला ऐब नंतर निघाला तर सौदा मोडता येतो. ठाऊक असून घेतला तर येत नाही. भारतातला १९३० चा वस्तुविक्रय कायदाही कलम १६ मध्ये जवळपास तेच म्हणतो: घेणाऱ्याने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल विकणाऱ्याची गर्भित हमी राहत नाही. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तीन परंपरा एका मुद्द्यावर येऊन मिळाल्या आहेत. दोष कळला, की तो विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

मग विकणाऱ्याने तो सांगायचा की नाही? यावरचा सर्वांत नावाजलेला वाद रोमन विचारवंत सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलेल्या ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आहे. एकाला आपले घर विकायचे आहे. ते रोगट आहे, लाकूड कुजके आहे, आणि हे त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. बॅबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजेनीस म्हणतो, कायद्याने जेवढे सांगायला लावले तेवढे सांगितले आणि खोटे काही बोलले नाही, म्हणजे झाले; घेण्याची जबरदस्ती कोणी केली नव्हती. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, जे विकणाऱ्याला ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे, नाहीतर ती वाटसरूला मुद्दाम चुकीची वाट दाखवण्यासारखी गोष्ट झाली. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. त्याची कसोटी बारीक आहे: न बोलणे म्हणजे प्रत्येक वेळी लपवणे नव्हे, पण स्वतःच्या फायद्यासाठी समोरच्याला अंधारात ठेवायचे असेल तर ते लपवणेच.

भारतीय करार कायदा मात्र डायोजेनीसकडे झुकतो. १८७२ च्या या कायद्याच्या कलम १७ खाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. खोड असलेला घोडा लिलावात विकणारा गप्प राहिला तर ती फसवणूक नाही. पण घेणाराच म्हणाला, की तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निकोप धरून चालतो, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर त्याचे मौन बोलण्यासारखेच मानले जाते. जुनी गाडी घेणाऱ्याला यातून एक सरळ युक्ती मिळते: थेट विचारावे, आणि शक्य तर लेखी विचारावे. गाडीचा अपघात झाला होता का? मीटर मागे फिरवले आहे का? पाण्यात गेली होती का?

यातला शेवटचा प्रश्न नागपुरात केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत दाराशी उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून पुन्हा चांगली दिसू शकते. पण वायरिंगच्या जोडांत गेलेले पाणी महिन्यांनी गंज धरते, आणि मग पॉवर स्टिअरिंग किंवा एअरबॅग नेमकी हवी त्या क्षणी दगा देऊ शकते. गालिच्याखालची माती, शेवटपर्यंत ओढलेल्या सीटबेल्टवरची चिखलाची रेघ, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यातला गंज हे मिस्त्रीला दिसते. नवख्याला नवे पॉलिश दिसते. येथे गप्प राहणारा विकणारा सिसेरोच्या कसोटीवर लपवणाराच ठरतो, कायदा काहीही म्हणो.

जैन श्रावकाच्या व्रतांची मांडणी करताना तत्त्वार्थसूत्र अस्तेय व्रताचे जे अतिचार मोजते त्यांत बनावट माल खरा म्हणून खपवणे आहे आणि चोरीचा माल विकत घेणेही आहे. म्हणजे घेणाराही व्रत मोडू शकतो. भावाच्या मानाने किंमत फारच कमी असेल तर इंजिन आणि चेसिसचा क्रमांक आरसीशी ताडून पाहणे, बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहणे, ही नुसती सावधगिरी राहत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने १९७० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात याच बाजाराची दुसरी बाजू दाखवली. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर घेणारे सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतात, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खराब माल साचत जातो. मौनाची किंमत अशा रीतीने खऱ्या विक्रेत्यालाही मोजावी लागते.

आता दोष सांगितला गेला, पारखला गेला, आणि किंमत त्याप्रमाणे उतरली असे धरू. जुनी वस्तू घेणे यात वावगे काही नाही; उलट अनेक परंपरांनी ते भूषण मानले. बौद्ध विनयपिटकात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातून आनंदाला पाचशे वस्त्रे मिळतात. भिक्षूला एवढी वस्त्रे कशाला, असे राजा विचारतो. आनंद एकामागून एक उत्तरे देतो. नवी वस्त्रे ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना जातील, जीर्ण चीवरांचे पलंगपोस होतील, जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, त्यांची पायपुसणी, त्यांची फडकी, आणि फडकी चिरून चिखलात मळून त्यांनी जमीन लिंपली जाईल. या साखळीचे मर्म कोणती पायरी कुठे येते यात आहे. फाटलेले वस्त्र पायपुसणे होते. फाटलेल्या वस्त्रावर अंगावर घालण्याचे काम कोणी लादत नाही. वस्तू जितकी झिजली तितके तिच्यावरचे काम हलके होत जाते. जुन्या मोटारीचे नेमके उलटे घडते. झिजलेल्या टायरांवरही तिने कुटुंबाला त्याच वेगाने त्याच गावाला न्यावे अशी अपेक्षा असते.

नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी नैसर्गिक साधनांत एक भेद केला होता. काही साधने साठ्यातून येतात, म्हणजे कोळसा, खनिज तेल, लोह. काही प्रवाहातून येतात आणि पुन्हा भरून निघतात. या भेदावर जुनी गाडी विचित्र जागी उभी राहते. तिचे पोलाद साठ्यातून केव्हाच काढून झाले आहे. ते वापरत राहणे ही बचत आहे. पण पेट्रोल ती रोज साठ्यातूनच घेते, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहा गाडीपेक्षा जास्त विषारी धूर सोडते. वर्षाकाठी थोडेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा जुनेपणा म्हणूनच रोज साठ किलोमीटर धावणाऱ्या गाडीच्या जुनेपणापेक्षा सहज समर्थनीय ठरतो. काटकसरीचा युक्तिवाद करणारे हा फरक बहुधा गाळतात.

येथवर प्रश्न दोघांतला होता. रस्त्यावर तिसरा माणूस असतो, आणि त्याने कोणताही सौदा केलेला नसतो. त्याचा विचार मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात येतो, तोही गाडीच्याच निमित्ताने. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक मोडले आणि त्यातून कोणाला इजा झाली, तर दंड नाही. कौटिल्याचीही भूमिका अशीच आहे. मात्र लगेच पुढे मनू म्हणतो, की हाकणारा अडाणी असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली तर दंड मालकाला. या दोन नियमांना एकत्र बांधणारे तत्त्व उघड आहे: जे मालकाच्या हाती नव्हते त्याला तो जबाबदार नाही, जे त्याने निवडले त्याला आहे. अडाणी गाडीवान ही मालकाची निवड. मग आस मोडायला आला आहे हे ठाऊक असून, पैसे उतरवून घेऊन जो गाडी घेतो आणि तशीच हाकतो, त्याच्यासाठी तो आस पहिल्या नियमात बसत नाही, दुसऱ्यात बसतो. मनूने ही पायरी घेतली नाही. त्याच्याच तर्काने ती घ्यावी लागते.

स्वस्त गाडीचा नैतिक पेच येथे उलगडतो. ब्रेक कमजोर आहेत म्हणून किंमत काही हजारांनी उतरते आणि ती सूट घेणाऱ्याच्या खिशात जाते. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत धोका मात्र झेब्रा क्रॉसिंगवरच्या माणसाचा. त्याला त्या सुटीतला एक रुपयाही मिळालेला नसतो. सूट ही खरे तर दुरुस्तीसाठी हाती दिलेली रक्कम आहे. ती दुसरीकडे खर्च केली तर अनोळखी माणसाचा जीव न विचारता गहाण टाकल्यासारखे होते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि तापलेल्या काँक्रीटवर घोटलेला टायर फुटला तर चूक फक्त उन्हाची म्हणता येत नाही.

कायद्याने ही जबाबदारी कागदाला बांधली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने, गाडी त्याच राज्यात विकली असेल तर, १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली तरी अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईसाठी मालक तोच. सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होणाऱ्याला हा निकाल जड जातो. नीतीच्या अंगाने तो अर्धाच पुरतो, कारण दोष ठाऊक असलेला चालवणारा त्यात नावाने निसटू शकतो.

ज्याच्याकडे पैसेच थोडे आहेत त्याने काय करावे, हा आक्षेप खरा आहे. पावसात लेकरांना दुचाकीवर तिघे-चौघे बसवून नेणाऱ्या बापासाठी जुनी मोटार ही चैन नव्हे, आणि दुचाकीपेक्षा ती घरच्यांना अधिक सुरक्षितही असते. म्हणून ‘जुनी गाडी घेऊच नये’ हा उपदेश भरल्या पोटाचा ठरतो. प्रश्न दुरुस्तीच्या क्रमाचा आहे. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे आणि वायपर यांचे काम गाडी नावावर होण्याच्या आसपासच झाले पाहिजे, कारण त्यांच्या बिघाडाची झळ दुसऱ्यांना लागते. एसी, डेंटिंग-पेंटिंग, म्युझिक सिस्टिम, अगदी तेल खाणारे इंजिनसुद्धा काही काळ थांबू शकते. त्याचा त्रास मुख्यतः घेणाऱ्याचा, जरी धुराचा वाटा सगळ्यांचा असला. किंमत आणि ही पहिली दुरुस्ती मिळून जी रक्कम होते तीच गाडीची खरी किंमत. तेवढी ऐपत नसेल तर ती गाडी त्या घराला परवडत नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळो.

पंधरा वर्षे झाली, की खासगी गाडीची नोंदणी संपते आणि तपासणीनंतर पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. नागपूरचेच खासदार असलेल्या नितीन गडकरींनी मार्च २०२१ मध्ये लोकसभेत मांडलेल्या भंगार धोरणाचा तो भाग. चौदाव्या वर्षी घेतलेल्या गाडीचा घेणारा अशा रीतीने लवकरच स्वतः विकणारा होतो, किंवा तिला भंगारात देणारा. विकायची झाल्यास त्याला कळलेला प्रत्येक दोष पुढच्याला सांगायचा असतो, मागच्याने त्याला सांगितला होता की नाही याचा विचार न करता. भंगारात द्यायची झाल्यास ती नोंदणीकृत केंद्रातच द्यावी लागते, म्हणजे नोंदणी रद्द होते आणि तिचे कुजलेले भाग दुसऱ्या एखाद्या स्वस्त गाडीत नवे म्हणून बसवले जात नाहीत.