होडीची होडी

लहान बोट घेणाऱ्या माणसाजवळ तत्त्वज्ञान मात्र मोठं असतं. गरजा कमी, खर्च कमी, कुणाचं मिंधेपण नाही. शीड उभारलं की निघालं! मोठ्या बोटीचा मालक श्रीमंत असतो, लहान बोटीचा मालक विचारवंत. या विचारवंताची पहिली परीक्षा डिंगी घेते.

कारण बोट उभी नदीच्या मध्यावर आणि मालक काठावर. मधलं शे-दीडशे यार्ड पाणी ओलांडायला आणखी एक होडी हवी, ती डिंगी. हा शब्द इंग्रजांनी आपल्या हिंदी-बंगालीतून उचलला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणारे आमचे साडूभाऊ मात्र तो शब्द परत करायला निघाले होते. त्यांची बोट 19 फुटी. आत दोन माणसं झोपतात, एक स्टोव्ह मावतो, ताठ उभं राहता येत नाही. आमची मेव्हणी तिला ‘तरंगतं फडताळ’ म्हणते.

आता या फडताळाला डिंगी कुठली घ्यायची? लाकडाची किंवा फायबरची सात फुटी वल्हवायला झकास. पण ती वर चढवली की माणसांनी खाली उतरायचं. मागे बांधून ओढावी तर वेग खाते, आणि पाठीमागून लाट आली की मालकाच्या पाठीत शिरू बघते. हवा भरायची रबरी डिंगी गुंडाळून पिशवीत जाते. पण वाऱ्याविरुद्ध वल्हवायला लागलं की वल्ही आपली आणि मर्जी वाऱ्याची. चांगली चालणारी, भरपूर ओझं नेणारी, थोडक्या जागेत मावणारी – यांतले दोन गुण एकत्र मिळतात. तिसऱ्याचा आग्रह धरू नये, हे लग्नाची स्थळं बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

जोशुआ स्लोकम या थोर खलाशालाही हे कोडं पडलं होतं. 1895 ते 1898 या काळात त्यानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याची ‘स्प्रे’ चांगली 36 फुटांवर. तरी तिच्यावर पुरती होडी मावेना. गड्यानं एक जुनी होडी आडवी कापली, उघड्या बाजूला फळ्या ठोकल्या आणि अर्धीच बरोबर नेली. कपडे धुवायला नि आंघोळीलाही तिचा टब झाला. पुढे उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ रुतली. तो नांगर टाकायला या अर्धुकात बसून निघाला, आणि ते उलटलं. आपल्याला पोहता येत नाही, हे त्याला तेव्हा आठवलं! नशिबानं वाचला. भर समुद्रात जपणारी माणसं या चार हातांच्या पाण्यात लाइफजॅकेट घालत नाहीत, ती याच हिशेबानं.

साडूभाऊंचा कौल सगळ्यांत चिमुकल्या, एका माणसाच्या डिंगीला होता. “दोन फेऱ्या मारू, त्यात काय!” मेव्हणीनं शांतपणे विचारलं, “अहो, बोट बुडायला लागली, तर पहिली फेरी कुणाची?”

तत्त्वज्ञान इथे अडकतं. 1972 साली पॅसिफिकमध्ये किलर व्हेलच्या धडकेनं रॉबर्टसन कुटुंबाची ‘लुसेट’ बुडाली. रबरी तराफा सतराव्या दिवशी कामातून गेला. मग सहाही जण जेमतेम तीन मीटरच्या डिंगीत आले. अडतिसाव्या दिवशी जपानी मच्छीमारांनी त्यांना उचललं तेव्हा सहाच्या सहा जिवंत होते. ती डिंगी घेताना कुणी “जरा लहान चालेल” म्हणालं असतं, तर?

साधेपणा हा गुण खरा. पण गरजा कमी करायचा हक्क आपल्याला आपल्या गरजांपुरताच. दुसऱ्याची जागा कापून जो साधेपणा साधतो, त्याला साधा हिंदी शब्द आहे – कंजूसी. साडूभाऊंनी शेवटी दोघांची रबरी डिंगी घेतली. तिची गुंडाळी त्यांच्या पायांच्या जागी बसते आणि ते गुडघे पोटाशी घेऊन झोपतात.

आपल्याकडे जुन्या बायका भात टाकताना मूठभर तांदूळ जास्त घेत. पाहुणा बहुतेक दिवशी येत नसे. तरी त्या मुठीला उधळपट्टी कुणी म्हटलं नाही. कारण ज्या दिवशी तो दारात उभा राही, त्या दिवशी तांदूळ मोजायला वेळ नसे.