उत्तराचा ताळा

गेल्या परीक्षेच्या दिवसांतील गोष्ट. आमच्या मठाच्या प्रसादनिलयात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पाच मुले राहतात. मेकॅनिक्सचा, म्हणजे बल, वजन, घर्षण यांच्या गणिताचा पेपर देऊन ती दुपारी परत आली. पाय धुणे नाही, प्रसादाची आठवण नाही. पायरीवरच बसली आणि सुरू झाले, "पहिल्याचं काय आलं?", "तिसऱ्या प्रश्नात तू काय धरलंस?"

खरे म्हणजे अशी उत्तरे ताडून पाहण्याला आमच्या निलयात मनाई आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाने मित्रांची उत्तरे ऐकली, आपली दोन गणिते चुकल्याचे त्याला समजले आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरला तो गेलाच नाही. त्याचे वर्ष बुडाले. तेव्हा आम्ही स्वतःच्या हाताने पाटी लिहून भोजनगृहाच्या दारावर लावली की झालेल्या पेपरची चर्चा करू नये. मुले ती रोज वाचतात आणि रोज मोडतात. त्या दिवशी आम्ही ओसरीवरच होतो, पण बोललो नाही.

वाद पडला तो एका शिडीवरून. पाच मीटर लांबीची, सर्वत्र सारख्या वजनाची शिडी भिंतीला टेकवली आहे. भिंत अगदी गुळगुळीत आहे असे धरायचे. शिडीचा पाय भिंतीपासून ३ मीटर दूर, वरचे टोक ४ मीटर उंचीवर. शिडी घसरू नये यासाठी जमिनीचा घर्षणगुणांक कमीत कमी किती हवा, असा प्रश्न. एका मुलाने बारीक आवाजात सांगितले, "पॉइंट थ्री सेव्हन फाइव्ह." लगेच तिघे म्हणाले, "छे! पॉइंट सेव्हन फाइव्ह." मग सर्वांनी पाचव्याकडे पाहिले, कारण तो वर्गात पहिला येणारा. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माझंही पॉइंट सेव्हन फाइव्हच."

पहिला मुलगा उठून गेला. रात्री तो नीट जेवला नाही, आणि पुढचा पेपर त्याला जड गेला असे आमच्या कानावर आले. त्यानंतर दोन दिवसांनी सायंपूजा आटोपल्यावर तो पाचवा मुलगा आमच्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "अप्पाजी, मी त्या दिवशी खोटं बोललो. मीही पॉइंट थ्री सेव्हन फाइव्हच लिहिलं होतं."

सद्भक्तहो, आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेत आणि मराठी शाळेत झाले. यंत्रशास्त्राचा आम्हाला गंध नाही. म्हणून आधी त्यालाच ते गणित समजावून सांगायला लावले. त्याने आमची काठी भिंतीला टेकवली. शिडीचे सारे वजन तिच्या मध्यबिंदूतून खाली ओढते असे धरतात, आणि तो मध्यबिंदू पायापासून आडव्या अंतराने दीड मीटरवर येतो. म्हणजे वजन गुणिले दीड बरोबर भिंतीचा रेटा गुणिले चार. भिंतीचा रेटा वजनाच्या ०.३७५ पट निघाला. तो रेटा शिडीचा पाय बाहेर ढकलू पाहतो, त्याला अडवण्याचे काम जमिनीच्या घर्षणाचे. जमीन शिडीला वजनाइतक्याच बळाने वर उचलून धरते, म्हणून गुणांक ०.३७५. तिघांनी दीडऐवजी पूर्ण तीन मीटर धरले होते, जणू सारे वजन शिडीच्या शेंड्यावरच आहे. उत्तर दुप्पट झाले. तिघांची चूक एकच होती, म्हणून तिघांचे उत्तर एक आले. आम्हाला ही गोष्ट फार विचार करण्याजोगी वाटली. पुष्कळांचे एकमत हे नेहमी पुष्कळांनी स्वतंत्रपणे पाहिल्याचे लक्षण असते असे नाही. सर्वांचा पाय एकाच खड्ड्यात गेला तरीही एकमत होते.

"मग तू का बदललास?" आम्ही विचारले. "तिघांचं सारखं आलं, तेव्हा माझंच चुकलं असणार असं वाटलं. आणि चुकलेला म्हणून दिसायचं नव्हतं."

येथे कोणी म्हणेल, यात एवढे काय मोठे? उत्तरपत्रिका जमा झाली होती. या बोलण्याने त्याचा एक गुण वाढला नाही की कमी झाला नाही. आम्ही म्हणतो, म्हणूनच हे असत्य तपासून पाहावे. लाभासाठी बोललेल्या खोट्याचे कारण स्पष्ट असते. लाभ मुळीच नसताना माणूस खोटे का बोलतो? उत्तर हातातून गेलेले होते, पण 'उत्तर देणारा मी' मागे उरला होता. गणित त्याने उत्तरपत्रिकेत सोडवले, आणि पायरीवर तो आपली प्रतिमा राखत बसला.

काही जण याला विनय म्हणतील. पुष्कळांच्या मतापुढे आपले मत मागे घेणे हा नम्रपणा आहे, असे. हा विनय नव्हे. पायरीवर दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले गेले होते. खरे उत्तर कोणते, हा एक प्रश्न. तू काय लिहिलेस, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाबाबत त्या मुलाला शंका असणे योग्यच होते. "मी असं लिहिलं, पण आता मला खात्री नाही," असे तो म्हणाला असता तर विनयही राहिला असता आणि सत्यही. मात्र आपण काय लिहिले याविषयी कोणालाच शंका नसते. मित्रांनी विचारले होते ते एवढेच. त्या घटकेला आपण काय लिहिले याला जगात दुसरा साक्षी नसतो, आणि विचारणाऱ्याला आपल्या शब्दाखेरीज दुसरा आधार नसतो.

आणि त्या पहिल्या मुलाचे काय? ज्याचे उत्तर खरे होते तो एकटा पडला. त्याच्या बाजूने एक साक्ष उपलब्ध होती, ती त्याच्यापासून हिरावली गेली. दोघे विरुद्ध तिघे असते तर कोणीतरी वही उघडली असती, शिडीची आकृती पुन्हा काढली असती, आणि तिघांनाही आपला खड्डा दिसला असता. एक विरुद्ध चार झाल्यावर वही उघडण्याचे कारणच उरले नाही. एका लहानशा 'माझंही'ने पाचही जणांचे शिकणे बंद पाडले.

हे केवळ मुलांचे नाही. मठाच्या बैठकीत रथाच्या दुरुस्तीवर किती खर्च करावा आणि वसतिगृहाच्या छपरावर किती, असा विषय निघतो. बैठकीपूर्वी चार जण आमच्याजवळ खासगीत एक मत सांगतात. बैठकीत पहिला वडीलधारा वेगळे बोलला की चौघेही म्हणतात, "आमचंही तेच." आम्ही स्वतःही असे गप्प बसलेलो आहोत, हे लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

महात्मा बसवेश्वरांचे बोलणे कसे असावे याविषयीचे वचन आपल्या घराघरांत मुलांना पाठ असते. त्यातील मोत्यांच्या, माणकांच्या उपमा सर्वांच्या लक्षात राहतात. पण त्या बोलण्याला होकार कोणाचा हवा, हा त्या वचनाचा गाभा सहज निसटून जातो. तेथे होकार लिंगाचा आहे, सभेचा नाही. आणि त्यापाठोपाठ बसवण्णा आचरण आणि बोलणे यांचा मेळ मागतात. त्या मुलाच्या बाबतीत आचरण म्हणजे उत्तरपत्रिकेत लिहिलेला आकडा, आणि बोलणे म्हणजे पायरीवर सांगितलेला. दोहोंत फरक पडला. तळहातावर इष्टलिंग घेऊन बसल्यावर तो फरक त्याला टोचू लागला, म्हणून तो आला, असे आम्ही समजतो.

अनुभवमंटपात काय चालत असे? प्रत्येक शरणाने आपल्या कायकात, आपल्या पूजेत एकट्याने जे गाठले ते इतरांपुढे ठेवायचे आणि ताडून पाहायचे. शून्यसंपादनेत अल्लमप्रभू सोन्नलिगेस येतात तो प्रसंग सोलापूरकडील भक्तांना सांगायला नको. सिद्धरामेश्वर तळे खोदण्याच्या, देवालये उभारण्याच्या कामात गढलेले होते आणि सारे गाव त्यांच्या बाजूने होते. प्रभूंचे शब्द त्यांना झोंबले, राग आला. पण आपण काय करीत आहोत, कशाला धर्म मानतो आहोत, हे त्यांनी झाकले नाही. म्हणून तर प्रभूंना त्यांच्याशी बोलता आले, आणि पुढे सिद्धराम कल्याणला आले, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंग स्वीकारले. ज्याने आपले उत्तर लपवले त्याची चूक अल्लमप्रभूसुद्धा दुरुस्त करू शकणार नाहीत.

आयदक्की मारय्यांची कथाही येथे आठवते. अंगणात सांडलेले तांदूळ वेचण्याचे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घरी आणले. पत्नी लक्कम्मांनी ते पाहताच ओळखले आणि जास्तीचे परत टाकून येण्यास सांगितले. मारय्यांनी ओटी उघडी ठेवली, झाकली नाही, म्हणून माप चुकल्याचे कळले. लक्कम्मांपुढे ओटी उघडणे सोपे असेल असे आम्हाला वाटत नाही.

याचा अर्थ तपासणी दुसऱ्यांवरच सोपवावी असा नव्हे. बसवण्णांच्याच शतकात, इ. स. ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनी लीलावती रचली. तीत व्यस्तविधी सांगितला आहे. शेवटी आलेल्या संख्येपासून उलट निघायचे, गुणले तेथे भागायचे, मिळवले तेथे वजा करायचे, आणि मूळच्या अज्ञात संख्येपाशी परत पोहोचायचे. जुन्या शाळेत याच वृत्तीने प्रत्येक उदाहरणाचा ताळा पाहायला लावीत. ज्याने ताळा पाहिला आहे त्याला तिघांचा आकडा ऐकून भीती वाटत नाही, फक्त पुन्हा पाहण्याची इच्छा होते. शेजाऱ्याचा आकडा हा ताळा नव्हे. शेजाऱ्याची रीत ऐकणे हा ताळ्याचा आरंभ असू शकतो. शिवाय आकडे वेगळे दिसले म्हणजे उत्तरे वेगळी असतातच असेही नाही. एकाचे तीन अष्टमांश आणि दुसऱ्याचे ०.३७५ एकच. एकाने उजवी दिशा धन धरली आणि दुसऱ्याने डावी, तर चिन्हे उलटी येऊनही दोघे बरोबर. पण हल्ली प्रत्येकाचे आपापल्या परीने खरेच असते असे म्हणण्याची जी सवय पडली आहे ती आम्हाला मान्य नाही. त्या शिडीला कमीत कमी किती घर्षण हवे याची दोन उत्तरे खरी असू शकत नाहीत. वेगळेपण केव्हा दृष्टीचे आहे आणि केव्हा चुकीचे, हे रीत ऐकल्याशिवाय कळत नाही.

आता पाटीचा प्रश्न. जो मुलगा पेपरला गेला नाही, त्याला उत्तरे ताडून पाहण्याने बुडवले असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. आज वाटते, चूक कळल्यावर कोठे जावे हे त्याला ठाऊक नव्हते. आमच्या खोलीचे दार त्या रात्री उघडे होते, पण तो आला नाही. त्याचे कारण आम्ही कधी शोधले नाही. पाटी लावणे सोपे होते.

पाचव्या मुलाला आम्ही सर्वांसमोर क्षमा मागण्यास सांगितले नाही. ज्याला एकटे पाडले त्याला, आपण काय लिहिले होते एवढेच जाऊन सांग, असे म्हटले. तो बराच उशिरा परतला. मित्राने विचारले होते, "त्याच वेळी का नाही सांगितलंस?", आणि याच्याजवळ उत्तर नव्हते. दोन दिवस ते एकमेकांशी बोलले नाहीत.

शेवटच्या पेपरच्या दुपारी पाचही जण पुन्हा त्याच पायरीवर बसले. कोणीतरी पहिल्या प्रश्नाचा आकडा सांगू लागला तेव्हा तो ०.३७५ वाला मुलगा म्हणाला, "आकडा राहू दे, आधी कसं केलंस ते सांग." आम्ही भोजनगृहाच्या दारावरची पाटी उतरवून ठेवली आहे. तिच्या जागी काय लिहावे, की काहीच लिहू नये, हे अजून ठरलेले नाही.