कोठाराच्या किल्ल्या

हे सेनाधीश परमेश्वरा,

तुझ्या पवित्र शास्त्रात शस्त्रांची कोठारे पुष्कळ आहेत, पण त्यांतले एखादे शेवटपर्यंत भरलेले राहिले असे मला कुठे आढळत नाही. म्हणून आज त्यांच्यापैकी काहींची नावे घेऊन तुझ्यापुढे आले आहे.

शलमोनाने यरुशलेमेत लबानोनवनगृह बांधले. शंभर हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, आणि आत गंधसरूच्या खांबांच्या रांगा. तिथे त्याने घडीव सोन्याच्या दोनशे मोठ्या ढाली ठेवल्या. एकेका ढालीला सहाशे शेकेल सोने लागले, म्हणजे जवळजवळ सात किलो. शिवाय तीनशे लहान ढाली. सोने मऊ असते, भाल्यापुढे ते काय टिकणार? आल्यागेल्याचे डोळे दिपावेत यासाठीच त्या होत्या. तुझ्या शास्त्राने त्यांचे वजन नोंदवले, पण त्या कोणत्या लढाईत कामी आल्या हे कुठेही नोंदवलेले नाही.

शलमोनाच्या मुलाच्या, रहबामाच्या, कारकिर्दीच्या पाचव्याच वर्षी मिसराचा राजा शिशक चालून आला आणि त्या ढाली घेऊन गेला. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करवून घेतल्या. राजा तुझ्या मंदिरात जायला निघाला की पहारेकरी त्या उचलून घेत, आणि तो परतला की पुन्हा देवडीत नेऊन ठेवत. प्रभू, मी या ठिकाणी दर वेळी अडखळते. सोने गेले, तरी लवाजमा थांबला नाही. पहारेकऱ्यांना ते ठाऊक होते, राजाला ठाऊक होते, आणि कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी तर आधीच्या ढाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या असतील. तरीही सगळे त्या पितळेमागून तुझ्या दाराशी येत होते. आम्हीही तुझ्याकडे येताना काही ना काही पुढे धरूनच येतो. ते खाली ठेवून, रित्या हातांनी तुझ्यापुढे उभे राहण्याचे बळ आम्हांला दे.

ज्यांच्यापाशी कोठारच नव्हते, त्यांचीही मला आठवण आहे. शौल राजाच्या काळी पलिष्ट्यांनी इस्राएलात एकही लोहार राहू दिला नाही, कारण लोहार असला की आज ना उद्या तलवार घडणार. मग शेतकऱ्याने नांगराचा फाळ पाजवायलासुद्धा शत्रूच्याच भात्यापुढे जाऊन बसायचे आणि वर एक पीम मोजायचा. ते पीमचे दगडी वजन जमिनीतून निघाले आहे. आठ ग्रॅमही भरत नाही, घुमटासारखे गोल आहे, त्यावर तीन अक्षरे कोरली आहेत. इतक्याशा दगडात एका राष्ट्राची सारी लाचारी तोलली जात होती. लढाईच्या दिवशी शौल आणि योनाथान या बापलेकांखेरीज कोणाच्याही हाती तलवार नव्हती, भाला नव्हता. देवा, निःशस्त्र माणसाची ही अवस्था तू पाहिली आहेस. म्हणून शस्त्र म्हणजे केवळ पाप, असे मी तुझ्यापुढे सरसकट म्हणू शकत नाही.

यहोयादा याजकाची गोष्टही मला तसे म्हणू देत नाही. अथल्येने राजवंशाचा संहार केला, आणि त्यातून वाचलेल्या तान्ह्या राजपुत्र योवाशाला सहा वर्षे तुझ्या मंदिरात लपवून ठेवावे लागले. तो सात वर्षांचा झाला तेव्हा याजकाने मंदिरात ठेवलेले दावीद राजाचे भाले आणि ढाली काढून सरदारांच्या हाती दिल्या, आणि त्यांच्या कड्यात ते पोर उभे राहिले. त्या दिवशी ते जुने लोखंड एका मुलाच्या बाजूने होते, याबद्दल तुझी स्तुती असो.

पण नोब गावाचे काय, प्रभू? तिथेही तुझ्या पवित्रस्थानात शस्त्र होते. गल्याथाची तलवार, कापडात गुंडाळून याजकाच्या एफोदवस्त्रामागे ठेवलेली. शौलापासून पळणारा उपाशी दावीद आला. अहीमलेख याजकाने त्याला समर्पित भाकर दिली आणि ती तलवारही दिली. दावीद वाचला. दवेग अदोमीने मात्र ते पाहिले आणि जाऊन शौलाला सांगितले. पंचाऐंशी याजक मारले गेले, आणि मग त्या गावातल्या बायका, मुले, अंगावर पिणारी बाळे. एकाला आधार दिला म्हणून सारा गाव गेला. याचा अर्थ मी तुला विचारत राहीन. उत्तर मिळेपर्यंत विचारू दे.

आता मला हिज्कीयाविषयी बोलू दे, कारण तो मला जवळचा वाटतो. तो तुझ्यावर भाव ठेवणारा राजा होता. अश्शूरचे सैन्य येणार म्हणून त्याने ढाली आणि शस्त्रे विपुल करवली, पाणी आत वळवले, तट उभारला. हे सारे शहाणपणाचे होते. तरीही यशया संदेष्ट्याने त्या दिवसांत यरुशलेम नगराला सुनावले की तुमची नजर वनगृहातल्या शस्त्रांवर गेली, ज्याने हे सारे आधीच योजले त्याच्यावर गेली नाही. त्याच दमात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही घाईने वाचून पुढे जातो: तुम्ही यरुशलेमेतली घरे मोजली, आणि तट बळकट करायला ती पाडली. 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांनी जुन्या शहरात खणले तेव्हा तो तट सापडला. सात मीटर जाड, आणि घरांवरून गेलेला. दगडांच्या त्या थराखाली कोणाची तरी भिंत आहे, जमीन आहे. चूल तिथेच पेटत असेल. त्या घरधनिणीला कोणी विचारले होते का? तिचे नाव तुझ्या वहीत आहे ना, देवा?

तोच हिज्कीया आजारातून उठला आणि बाबेलचे दूत भेट घेऊन आले. त्याने त्यांना रुपे, सोने, सुगंधी द्रव्ये, उत्तम तेल आणि अख्खे शस्त्रागार दाखवले. यशयाने येऊन विचारले, त्यांनी तुझ्या घरात काय पाहिले? सगळे, तो म्हणाला. हे सगळे बाबेलला जाईल आणि तुझ्या वंशातली मुलेही नेली जातील, हे ऐकल्यावर त्याच्या मनात आले की निदान माझ्या हयातीत तरी शांती राहील. प्रभू, हे वाचून मी त्याला दोष द्यायला जाते आणि माझी जीभ अडते. आमच्या पिढीनेही किती किमती मुलांच्या नावावर मांडून ठेवल्या आहेत. आमच्यापुरती शांती मागण्याची ही सवय आमच्यातून उपटून काढ. जे आमच्या नातवंडांना फेडावे लागेल ते विकत घेण्याआधी आमचा हात धर.

आणि एक गोष्ट भीत भीत बोलते. यिर्मया सांगतो की तुझेही शस्त्रागार आहे, ते उघडून तू क्रोधाची शस्त्रे बाहेर काढलीस, तीही त्याच बाबेलवर, जिच्या दूतांनी हिज्कीयाची कोठारे न्याहाळली होती. हे मला पेलत नाही. ज्यांचे सगळे लुटले गेले त्यांना ते ऐकून किती धीर आला असेल हे कळते. पण बाबेलमध्येही पाळणे होते. माझी विनंती एवढीच: त्या दाराची किल्ली तुझ्याच हाती राहू दे. आमच्यातल्या कोणी ती आपल्या हाती आली असे समजून तुझ्या नावाने चालून जाऊ नये.

ज्यांच्याकडे आज राष्ट्रांच्या कोठारांच्या किल्ल्या आहेत, त्यांना रात्री यशयाचा प्रश्न ऐकू येऊ दे. दारूगोळ्याच्या भांडारावर पहाऱ्याला उभे असलेल्या तरुण मुलामुलींना राख. त्यांच्या घरी कोणी जागे असेल, त्यांनाही राख.

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी नहेम्याबरोबर कोट बांधला, तेव्हा येशूवाचा मुलगा एजेर, मिस्पाचा अधिकारी, शस्त्रागाराच्या चढणीसमोर, कोपऱ्यापाशी, आपल्या वाट्याचा भाग दुरुस्त करत होता. त्याच्याविषयी एवढेच लिहिले आहे. त्याच्यासारखा आमच्याही वाट्याचा तुकडा आम्हांला दाखव. आणि आज जिथे कुठे तटासाठी घरे मोजली जात आहेत, तिथे, हे प्रभू, मोजणाऱ्याच्या आधी तू त्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहा.

आमेन.